झिजलेल्या टाचांची साक्ष

दारातून आत येताना ज्याच्याकडे कुणी मान वळवून बघत नाही, तो मी. मित्रांनो, मी एक जुना चपलांचा स्टँड आहे. तीन फळ्या, चार पाय, आणि त्यातला एक जरा आखूड. बाळाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतात, पण मोठ्यांचे पाय माझ्यावरच दिसतात. कोण दमून आलंय, कोण रुसून आलंय, कोण दुकानात जातो सांगून भलतीकडेच फिरून आलंय, हे मला टाच बघून कळतं. गर्व म्हणा हवं तर, पण या घराची मला जेवढी माहिती आहे तेवढी भिंतींनाही नाही. भिंतींना नुसते कान असतात.

माझा जन्म एका सुताराच्या हातून झाला. लेकीला शाळेचे पहिले बूट आणले तेव्हा, कुणाच्या तरी दाराची चौकट करून उरलेल्या लाकडातून त्याने मला घडवलं. लेक शेजारी बसून घाई करत होती, आणि त्या घाईत माझा एक पाय आखूड कापला गेला. सुताराच्या घरचा स्टँड आणि तोच लंगडा, असं त्याची बायको पुढे कितीतरी वर्षं त्याला चिडवत होती. त्याने माझ्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी सरकवली आणि विषय संपवला. मला विचाराल तर मी तसा डौलातच उभा होतो.

काळ पुढे गेला. आधी आई गेली, मग सुतारही गेला. लेक बस चालवायला लागली आणि या दोन खोल्यांत एकटीच राहू लागली. माझ्या वरच्या फळीवर तिचे कामावरचे बूट आणि घरातल्या चपला, बाकीच्या दोन फळ्या मोकळ्या. तिने त्यांच्यावर वर्तमानपत्रांची रद्दी रचली. चपलांच्या स्टँडला रद्दी सांभाळायला लावणं म्हणजे पहिलवानाला सुई ओवायला बसवणं. पण मी तक्रार केली नाही.

मग एके दिवशी रद्दी उचलली गेली आणि माझ्या खालच्या फळीवर पुरुषाचे बूट आले. पिठाने पांढरे झालेले. हा आमचा जावई. तो दुसऱ्या देशातून इथे येऊन बस डेपोच्या कोपऱ्यावरच्या बेकरीत भट्टीवर काम करत होता. लेक रोज सकाळी तिथे पाव घ्यायची. एकटीला लागतात त्याहून जास्त पाव ती घरी आणू लागली, तेव्हाच मी ओळखलं होतं. दोघांचं लग्न झालं आणि बायकोच्या देशात राहण्याचा व्हिसा जावयाला मिळाला. त्या व्हिसाला मुदत होती. मुदत संपत आली की वाढवून घ्यायची, नाहीतर देश सोडायचा.

जावई पहाटे भट्टीवर जायचा आणि दुपारी यायचा. तो आला की लेक दुपारच्या फेरीला निघायची. दोघांच्या भेटी बऱ्याचदा माझ्यासमोरच व्हायच्या, एकाने बूट काढता काढता आणि दुसरीने घालता घालता. तेवढ्यात घरातलं सगळं बोलून व्हायचं. जावयाची एक खोड होती. आत येण्याआधी तो बुटांचं पीठ झाडायला टाच माझ्या खालच्या फळीच्या कडेवर आपटायचा. रोज आपटून आपटून तिथे खळगा पडला आणि माझ्या सांध्यासांध्यात पीठ भरलं. लेक कुरकुरत ते पुसायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. खरं सांगू? मला ते आवडायचं. वापरात असण्यासारखं सुख नाही.

या वेळी मुदतवाढीसाठी अर्ज केला तेव्हा कचेरीतून निरोप आला, की तुमचं लग्न खरं आहे का, तुम्ही खरोखर एकत्र राहता का, हे बघायला अधिकारी घरी येतील. बघून त्यांचं समाधान झालं नाही तर जावयाला परत जावं लागणार होतं. लेक वरून धीट, पण त्या दिवशी तिने बूट उलटेसुलटे ठेवले. एरवी ती कधीच तसं करत नसे.

शेजारच्या काकू सल्ला द्यायला आल्या. घर कसं चकचकीत दिसायला हवं, असं त्यांचं मत पडलं. जुनाट सामान बघून तुम्ही नीट संसार करता असं कुणाला तरी वाटेल का, म्हणाल्या. लेकीला ते पटलं. आणि मित्रांनो, अति तिथे माती हे त्या घरात मी डोळ्यांनी पाहिलं. नवे कप आले, नवे टॉवेल आले, नवे टूथब्रश आले, भिंतीवर फोटोची नवी फ्रेम आली. जावयाला नवे काळे बूट आले. ते ठेवायला प्लास्टिकचा नवा स्टँड आला. मग मला उचलून मागच्या गॅलरीत नेलं. झिजके बूट आणि जुन्या चपला तशाच माझ्या अंगावर. "असू दे, दिसणार नाही तिथे," असं लेक म्हणाली. पुठ्ठ्याची घडी मात्र आतच राहिली. ज्या घरात लेक लहानाची मोठी झाली त्या घराच्या मागच्या बाजूला मी वाकडा उभा राहिलो. वाईट वाटलं, पण गॅलरीच्या दाराला काच होती, त्यामुळे आतलं सगळं दिसत होतं.

अधिकारी बाई आल्या. पिकलेले केस, खांद्याला पिशवी, आणि पायांत पुष्कळ जिने चढून मऊ पडलेल्या चपला. त्या चपला बघून मला जरा धीर आला.

बाईंनी आधी नवा स्टँड बघितला. जावयाचा बूट उचलून उलटा केला. तळ कोरा करकरीत. स्वयंपाकघरात गेल्या, तर कपांच्या बुडाला दुकानाची चिठ्ठी तशीच. मग त्या भिंतीपाशी थांबल्या. फ्रेममध्ये एक गोरंगोमटं जोडपं हसत होतं. घाईत लेकीने फ्रेम टांगली होती, पण त्यात दुकानातून आलेला नमुन्याचा फोटो काढून आपला घालायचा राहूनच गेला होता.

"हे कोण?" बाईंनी विचारलं.

लेकीने घाईघाईने फ्रेम भिंतीवरून उतरवली.

"हे घर कुणीतरी काल मांडल्यासारखं दिसतंय," बाई म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता, म्हणूनच मला भीती वाटली. त्यांनी पिशवीची चेन ओढली. त्या निघाल्या असत्या तर सगळं संपलं असतं.

तेव्हा आमचा जावई बोलला. तो मुळात कमी बोलणारा, पण बोलला ते नेमकं.

"मॅडम, कालच मांडलंय. भीतीपोटी मांडलंय. हे बूट मला चावतात. माझे बूट मागे आहेत."

तो आला आणि त्याने गॅलरीचं दार उघडलं. बाई मागोमाग आल्या. माझ्यासमोर उकिडव्या बसल्या. खालच्या फळीवरच्या खळग्यात त्यांनी बोट घातलं, सांध्यावरून फिरवलं आणि बोटाला लागलेलं पीठ बघितलं. आयुष्यात मी इतका ताठ कधी उभा राहिलो नसेन, आखूड पाय असूनही.

त्यांनी जावयाचा जुना बूट हातात घेतला. टाच एका बाजूने पार खालपर्यंत झिजलेली. "हा डावा असा का झिजलाय?" त्यांनी लेकीला विचारलं.

"भट्टीपुढे सगळा भार डाव्या पायावर टाकून उभा राहतो ना," लेक म्हणाली आणि मग तिला थांबवेना. "किती वेळा सांगितलं, पाय बदलत जा. रात्री कंबर धरून बसतो आणि मलम मी चोळायचं. वर बाबांच्या स्टँडवर टाच आपटतो, बघा काय करून ठेवलंय."

"आपटतो म्हणजे पीठ घरात येऊ नये म्हणून," जावई म्हणाला. "आणि तू बसमधली धूळ घेऊन थेट पलंगापर्यंत येतेस, ते?"

"मी एकदाच आले होते तशी."

"एकदाच? गेल्या आठवड्यात?"

बाई दोघांकडे आळीपाळीने बघत राहिल्या. मग बूट माझ्यावर जागच्या जागी ठेवून उठल्या. "भांडण मात्र नवं विकत आणलेलं दिसत नाही," त्या म्हणाल्या आणि पहिल्यांदाच हसल्या. जाताना त्यांनी एवढंच सांगितलं, की फ्रेममध्ये स्वतःचा फोटो घाला.

काही दिवसांनी मुदतवाढ मिळाली. लेकीने प्लास्टिकचा स्टँड काकूंना देऊन टाकला आणि मला पुन्हा दाराशी आणलं. त्या संध्याकाळी जावयाने पलंगाखालून त्याची प्रवासाची बॅग ओढली. तो या देशात आला तेव्हाची बॅग. तिच्यात तळाशी कापडात गुंडाळलेले तपकिरी बूट होते. त्याने आपल्या देशातून आणलेले, वडिलांनी घेऊन दिलेले, लग्नात घातलेले. लग्नानंतर त्याने ते पुन्हा बॅगेत ठेवले होते, कारण कधी जावं लागेल याचा भरवसा नव्हता. इतकी वर्षं त्याच्या बायकोला वाटत होतं, की ती बॅग रिकामी आहे.

लेकीने काही विचारलं नाही. तिने माझ्या मधल्या फळीवरचे आपले सँडल काढून वर ठेवले आणि जागा पुसून दिली. जावयाने ते बूट तिथे मांडले आणि रिकामी बॅग माळ्यावर टाकली. लेकीला रडू आलं. मलाही येत असतं तर आलं असतं.

मित्रांनो, पायातली वहाण पायातच बरी, असं म्हणून आम्हाला हिणवू नका. आम्हाला पुसत जा, सांध्यात एखादा खिळा ठोकत जा. झिजलेल्या वस्तूंची लाज बाळगू नका, तुमच्यासाठीच झिजल्यात त्या. आणि तुमच्या घरात, शाळेत, गल्लीत कुणी दुरून आलेलं माणूस बॅग न उघडता राहताना दिसलं, तर त्याला काही विचारत बसू नका. आधी आपल्या चपला जरा सरकवा आणि एक फळी मोकळी करा.