वांग्याच्या वाफ्यांचं चित्र

रंगराव आणि आवडाबाईचं वांग्यावरून कधी जमलं नाही. अनसिंगजवळच्या त्यांच्या मळ्यात वांग्याचे सहा वाफे. विहिरीकडचा आवडाबाईचा, त्यात तिनं माहेराहून, मेडशीहून आणलेली काटेरी वांगी. बाकीचे रंगरावचे, दुकानातल्या बियाण्याचे. आता एक वाफा मोडून कोथिंबीर लावायची होती, आणि कोणाचा मोडायचा यावरून दोघांनी आठवडाभर एकमेकांचं डोकं खाल्लं.

शेवटी सुट्टीला आलेल्या नातीनं मध्ये तोंड घातलं. तनुजा अमरावतीला संख्याशास्त्र शिकायची. कोणत्या वाफ्यातून किती माल निघाला हे आजी तिला फोनवर सांगायचीच. ते आकडे तिनं जपून ठेवले होते. लॅपटॉपवर 'आर' ही आकडेवारीची भाषा वापरून तिनं त्यांचं चित्र काढलं. आडवी रांग म्हणजे एक वाफा, उभी म्हणजे एक तोडणी, माल जितका जास्त तितका चौकोन गडद. रंगही वांग्याचाच निवडला, पांढुरक्यापासून जांभळ्यापर्यंत. रंगाच्या नादात वाफ्यांची नावं टाकायचीच राहिली.

रंगरावला नावं कायले पाहिजेत? वरची रांग म्हणजे विहिरीकडचा वाफा, मळा तसाच तर आहे. आणि वरची रांग सगळ्यात फिकी होती.

"पाह्य आवडे, तुहाच वाफा," तो म्हणाला.

आवडाबाई भांडेल असं तनुजाला वाटलं होतं. पण नातीच्या चित्राला खोटं कसं म्हणायचं? ती कुदळ घेऊन मळ्याकडे निघून गेली. तनुजानं लॅपटॉप पुन्हा उघडला. नावं टाकून तिनं चित्र पुन्हा काढलं आणि कपाळावर हात मारला. सारखा माल देणारे वाफे शेजारी यावेत म्हणून आरनं रांगा आपल्या मनानं हलवल्या होत्या. असं चित्र काढताना थांबवलं नाही तर ते तसंच करतं, हे तिला वर्गात दोनदा शिकवलं होतं. तिनं वाफे मळ्यातल्या क्रमानं लावले. विहिरीकडची रांग गर्द जांभळी झाली. फिकी रांग निघाली रंगरावच्या लाडक्या वाफ्याची.

रंगरावनं चष्मा पुसून पाहिलं आणि चपलाही न घालता मळ्याकडे धावला. धावला म्हणजे गुडघ्यांनी परवानगी दिली तेवढंच.

पहिलं झाड उपटून आवडाबाई त्याच्याजवळच बसली होती. तिचा हात पुढे चालत नव्हता. रंगरावनं ते झाड उचललं, होतं तिथं रोवलं आणि दोन्ही हातांनी माती दाबली.

"चित्र चुकलं काय?"

"मी चुकलो. माहा वाफा मोडू. बस तू, याले पानी आनतो."

आवडाबाईनं पदरानं डोळे टिपले. तो विहिरीकडे वळला तशी ती म्हणाली, "तुमची बी चार झाडं राहू द्या. कोथिंबिरीत खपून जातीन."