फोडींवरचा बर्फ

नागपुरात मे महिन्यात कोणाला उलट्या झाल्या की निदानाला डॉक्टर लागत नाही. ‘ऊन लागलं’ म्हणायचं, खिशात कांदा ठेवायचा, कैरीचं पन्हं पाजायचं आणि घरातल्या सुनेला चार शब्द ऐकवायचे. गोपाळरावांच्या घरी सारं याच क्रमानं झालं. फक्त त्यांची नात छकुली पन्ह्यानं बरी झाली नाही. उलट्या-जुलाबांनी तिचे डोळे खोल गेले, तेव्हा तिला धंतोलीतल्या एका दवाखान्यात आणून सलाइन लावावं लागलं.

चारुलता लेकीच्या उशाशी बसली होती. गोपाळरावांच्या पत्नी सिंधूताई दाराशी उभ्या राहून सुनेला बोलत होत्या.

“भर उन्हात पोरीले घेऊन माहेरी गेली! मी सांगूनच राहिली होती, सांजचं जा म्हणून. पण या घरात माझं ऐकते कोण?”

चारुलता खाली मान घालून बसली. गोपाळरावही गप्पच होते, पण त्यांचं गप्प बसणं वेगळं होतं.

सीताबर्डीवर मधुकररावांचं फळांच्या रसाचं दुकान. दोघे शाळेपासूनचे मित्र. नोकरीतून निवृत्त झाल्यापासून गोपाळराव रोज संध्याकाळी तिथं जाऊन बसत. आदल्या दिवशी टरबुजाच्या फोडींवर घालायला आलेला बर्फ त्यांनी डोळ्यांनी पाहिला होता. मासळीच्या पेट्यांत टाकतात तो बर्फ, गोणपाटात गुंडाळून फुटपाथवरून ओढत आणलेला.

“मधू, हा खायचा बर्फ नाही गा,” ते म्हणाले होते.

“थंड झाल्याशी मतलब!” मधुकरराव हसले. गोपाळरावही हसले, आणि निघताना त्यातल्याच फोडी नातीसाठी बांधून घेऊन आले.

डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, हे ऊन नव्हे, खाण्यातून झालेली विषबाधा आहे. पण सिंधूताईंना ते पटलं नाही. बाहेरचं म्हणून पोरीनं टरबूजच काय ते खाल्लं होतं, आणि ते तर थंड असतं, त्यानं काय होणार?

दुपारी गोपाळरावांची थोरली बहीण आली. शोभाताई शाळेत मुख्याध्यापिका होत्या, आता ग्राहकांच्या चळवळीत काम करत. त्यांनी नातीच्या कपाळावर हात ठेवला, मग वॉर्डातल्या प्रत्येक खाटेजवळ जाऊन चौकशी केली आणि भावाला बाहेर व्हरांड्यात बोलावलं.

“गोपाळ, रामदासपेठेतली ती बाई, तो रिक्षावाला, काटोलहून खरेदीले आलेलं जोडपं, सगळ्याइले हाच त्रास. अन् सगळ्याइनं काल मधूच्याच दुकानात टरबूज खाल्लं. तू रोज बसतो तिथं. तुले काही दिसलं का?”

गोपाळरावांनी नजर चुकवली. “शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये, ताई.”

“ही म्हण काढली कोणी, माहीत आहे? ज्याले कोर्टात उभं राहायची भीती होती, त्यानं! काहून भिऊन राहिला तू? भेसळीचा कायदा आहे. अन्न निरीक्षकाले कळवलं की तो दुकानातले नमुने घेईल. ग्राहकाचा नवा कायदा आला, तक्रार ऐकायले त्याचा मंच आहे. साध्या कागदावर अर्ज द्यायचा, वकीलही लागत नाही. औषधपाण्याचा खर्च, बुडालेली मजुरी, सगळ्याची भरपाई मागता येते.”

“पण टरबूज मी विकत घेतलं. खाल्लं तर पोरीनं.”

“तिच्यासाठीच घेतलं न? मग तीही ग्राहकच झाली. आजारपणाचे कागद डॉक्टर देतील. पण कालच्या फोडी तर पोटात गेल्या, बर्फ विरघळून गेला. आता पाहिलेलं सांगणारा माणूस पाहिजे. नाही तर तो रिक्षावाला घरी जाऊन म्हणेल, आपलं नशीबच खोटं!”

गोपाळरावांना सगळं कळत होतं. पण जन्माचा दोस्त! त्याच्याविरुद्ध कसं बोलायचं?

तेवढ्यात मधुकररावच आले. हातात सफरचंदांची करंडी. “गोपाळ, दवाखान्याचं मी पाहून घेतो, तू चिंता करू नको,” असं हळूच म्हणत ते वॉर्डात शिरले. आत सिंधूताईंच्या तोंडाचा पट्टा सुरूच होता.

“पाहा न भाऊजी, आमच्या सूनबाईचं शहाणपण! उन्हात फिरवलं पोरीले.”

मधुकररावांनी मान डोलावली. “हाव वहिनी, ऊनच भल्लं तापून राहिलं यंदा. जपायले पाहिजे होतं सूनबाईनं.”

एवढंच ऐकायचं बाकी होतं! चारुलतेच्या डोळ्यांतून टपकन पाणी पडलं. गोपाळरावांना स्वतःचीच लाज वाटली.

“बस कर मधू!” ते ओरडले. “ऊन नाही लागलं पोरीले. तुझा बर्फ लागला. मी पाहिला होता, अन् हसलो होतो. सूनबाईचा काही दोष नाही. अन् माझ्या नातीचा खर्च तू देशील, त्या रिक्षावाल्याचा कोण देईल?”

मधुकरराव करंडी टेबलावर ठेवून निघून गेले. सिंधूताईंनी ती करंडी खाटेखाली सरकवली. मग सुनेजवळ जाऊन बसल्या. “चुकलं वं माझं,” एवढंच त्या म्हणाल्या.

अन्न निरीक्षक दुकानात आले आणि बर्फाचे नमुने घेऊन गेले. वॉर्डातल्या साऱ्यांनी मिळून अर्ज दिला. मंचापुढं गोपाळरावांनी साक्ष दिली, तेव्हा मधुकररावांच्या वकिलानं त्यांना खोचकपणे विचारलं, “इतकी जुनी मैत्री, आणि तुम्ही मित्रावर उलटलात?”

गोपाळराव शांतपणे म्हणाले, “मैत्री माझी होती, साहेब. पोटं लोकांची होती.”

निकाल तक्रारदारांच्या बाजूनं लागला. छकुली तर केव्हाच खेळायला लागली होती. मैत्री मात्र गेली ती गेलीच, आणि त्याचं दुःख गोपाळरावांनी कधी लपवलं नाही.

वाचकहो, आपल्या घरी असं दुखणं आलं, तर आधी विचारा, काय खाल्लं आणि कुठं खाल्लं. शेजारच्या खाटेवरच्या माणसालाही विचारा. डॉक्टरांचे कागद जपा, चौघं मिळून तक्रार करा. आणि पाहिलं असेल, तर बोला. कायदा सरकारनं केला आहे, पण साक्ष तुम्हा-आम्हालाच द्यावी लागते.