आधी पुडा दाखवा

मी एक जुनं भिंग आहे. मित्रांनो, भिंग म्हटलं की तुम्हाला गुप्तहेर आठवत असेल, नाहीतर उन्हात कागद जाळणारी वात्रट मुलं. मी त्यातलं नाही. माझं अर्धं आयुष्य चुका शोधण्यात गेलं आणि उरलेलं एका मुलीला भरवण्यात जातं आहे.

चष्म्याच्या काचा घासणाऱ्या कारखान्यात माझा जन्म झाला. काच जरा जाड निघाली म्हणून मला पितळी कडं आणि लाकडी मूठ बसवून एका छापखान्याला विकलं. तिथे मी मुद्रितशोधकांच्या हाती पडले. मजकूर छापायला जाण्याआधी त्यातली चूक धरायची, हे त्यांचं काम. चाळीस वर्षं आम्ही दोघांनी ते केलं. एकदा शाळेच्या सूचनेत 'पालकांनी मुलांना वेळेवर न्यावे' याच्या जागी 'पालकांनी मुलांना वेळेवर खावे' असं जुळलं होतं. मी तो 'ख' भोपळ्याएवढा करून दाखवला. मालकांनी सगळ्यांसमोर माझी मूठ थोपटली. त्या दिवशी दोनशे मुलं वाचली, असं मी अजूनही मानते.

पुढे संगणक आले, छापखाना बंद झाला. मुद्रितशोधक निवृत्त होऊन लेकीकडे राहायला गेले आणि मी तिथल्या एका खणात गेले. शेजारी सुकलेली पेनं, मेणबत्तीचं थोटूक आणि कुठल्या कुलपाची ते कुणालाच माहीत नसलेली एक किल्ली. तीन वर्षांत मला कुणी हात लावला नाही.

त्या घरात एक मुलगी जन्मली. इतकी एवढीशी, की आजोबा झालेले आमचे मुद्रितशोधक म्हणाले, "हा तर अनुस्वार आहे. दिसायला टिंब, पण नसला की शब्दच चुकला!" घरच्यांनी त्याचं 'अनू' केलं. शेवटचा उकार दीर्घच हवा, एवढी अट आजोबांनी घातली.

अनू वर्षाची व्हायच्या आतच कळलं की तिला दूध चालत नाही, अंडं चालत नाही, शेंगदाणे चालत नाहीत आणि तीळ चालत नाहीत. अंगावर गांधी उठायच्या, ओठ सुजायचे. डॉक्टरांनी यादी दिली. अनूच्या आईने ती फ्रिजवर चिकटवली. आजोबांनी मात्र ती मनावर घेतली नाही.

"आमच्या वेळी पोरं माती खायची," ते म्हणाले. "कुणाला काही झालं नाही."

"अप्पा, मातीत दूध नसतं," लेक म्हणाली.

एका दुपारी अनू त्यांच्या मांडीवर बसली होती आणि ते चहा पीत होते. तिने हात पुढे केला. आजोबांनी बिस्किटाचा कोपरा मोडून तिच्या तोंडात घातला. एवढासा तर तुकडा! मी खणात होते, पण ऐकू सगळं येत होतं. आधी खोकला आला. मग रडणं. मग रडणं थांबलं, आणि ते थांबणंच जास्त भयंकर होतं. आई धावत आली, तिने डॉक्टरांनी अशाच वेळेसाठी दिलेलं इंजेक्शनचं पेन पोरीच्या मांडीत टोचलं. थोड्या वेळाने रुग्णवाहिकेचा भोंगा दूर गेला.

अनू दुसऱ्या दिवशी हसत घरी आली. आजोबा हसले नाहीत. कचऱ्यातून बिस्किटाचा पुडा काढून ते डोळ्यांजवळ नेत होते, लांब धरत होते. शेवटी त्यांनी खण उघडला. मी पुड्यावर टेकले आणि आम्हाला दोघांनाही एकदमच दिसलं. शिवणीच्या घडीत, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'दुधाची भुकटी'.

"चाळीस वर्षं दुसऱ्यांचं वाचलं," ते खुर्चीत बसत म्हणाले, "आणि घरातली एक ओळ वाचली नाही."

लेकीने त्यांच्यासमोर चहा ठेवला. बिस्किटं मात्र त्या घरातून कायमची गेली.

मित्रांनो, तिथून माझे सोन्याचे दिवस सुरू झाले. दुकानदाराच्या दृष्टीने ते बरे दिवस नव्हते. आजोबा पिशवीऐवजी मला घेऊन दुकानात जायचे आणि एकेक पुडा पहिल्या अक्षरापासून वाचायचे.

"काका, सामान घ्यायचंय की परीक्षेला बसायचंय?" दुकानदार विचारायचा.

"इथे लिहिलंय, 'तिळाचे अंश असू शकतात'. असू शकतात म्हणजे काय? आहेत की नाहीत?"

"मला काय ठाऊक? मी काय पुड्यात बसलो होतो?"

आम्ही कोपऱ्यावर दिसलो की तो मीठ, तांदूळ आणि साखर आधीच काढून ठेवायचा, म्हणजे वाचायला काही उरू नये. आजोबा साखरेचीसुद्धा पिशवी उलटीसुलटी करून बघायचे. एका कंपनीने 'शेगदाणे' असं छापलं होतं. आजोबांनी तीन पानी पत्र पाठवलं, की अनुस्वार गाळणं ही नुसती चूक नाही, बेफिकिरी आहे. कंपनीने चूक कबूल केली आणि आभार म्हणून खोकंभर शेंगदाण्याच्या वड्या पाठवल्या. अनूच्या आईने ते खोकं दारातूनच परत धाडलं आणि पोचवणाऱ्या माणसालाही हात धुवून जायला सांगितलं.

अनू या सगळ्यात वाढली. तीन वर्षांची होईतो तिची पद्धत ठरून गेली होती. घास समोर आला की मला डोळ्याला लावायचं आणि विचारायचं, "यात काय आहे?" केळ्यालाही विचारायचं. पाण्यालाही. एकदा रांगेत उभ्या असलेल्या एका मावशींनी कौतुकाने गोळी पुढे केली, तर ही म्हणाली, "आधी पुडा दाखवा." मावशींनी गोळी गुपचूप स्वतःच्या तोंडात टाकली.

ती चार वर्षांची झाली तेव्हा डॉक्टर म्हणाल्या, "अंड्याचा त्रास कमी झालेला दिसतोय. केकमध्ये नीट भाजलेलं अंडं चालतं का, ते दवाखान्यात माझ्यासमोर बघू. केक घरून करून आणा, पण घरी तिला मुळीच द्यायचा नाही."

अनूचे बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. लिफ्ट वर चढवणं त्यांना जमायचं, केक फुगवणं मात्र नवीन होतं. पहिले पाच घाणे दाराला टेकवायच्या दगडांसारखे झाले. सहावा फुलला. तो डब्यात घालून सगळे दवाखान्यात गेलो. औषधं, सुया, प्राणवायू, सगळी तयारी पलंगाशी होती. डॉक्टरांनी वाटाण्याएवढा तुकडा चमच्यात घेतला.

"यात काय आहे?" अनूने विचारलं.

आई तिच्याशी कधी खोटं बोलली नव्हती. "अंडं," ती म्हणाली.

"मला चालत नाही," असं म्हणून अनूने तोंड मिटलं. कुलूपच लागलं म्हणा ना.

डॉक्टरांनी समजावलं. आईने विनवलं. बाबांनी एक केक स्वतः खाऊन दाखवला, मग दुसराही खाल्ला, तेव्हा आईने डबा काढून घेतला. परिचारिका तोंडावर हात ठेवून म्हणाली, "पेशंटने डॉक्टरला पथ्य सांगितलेलं आज पहिल्यांदाच बघतेय."

"आणखी अर्धा तास बघू," डॉक्टर म्हणाल्या. "नाहीतर पुढची तारीख चार महिन्यांनी."

अनूने मला उचललं आणि आजोबांच्या हातात दिलं. "आजोबा, तुम्ही वाचा."

वाचणार काय? घरच्या केकला पुडा कुठला? आजोबा तुकड्याकडे बघत राहिले. मूठ घामाने ओली झाली होती, ते मलाच कळत होतं. त्या तोंडात त्यांनी याआधी एकदाच आपल्या मनाने काही घातलं होतं. 'सगळं चालतं, खा' असं ते सहज म्हणू शकले असते. त्यांनी डॉक्टरांचं लाल पेन मागितलं आणि एका चिठ्ठीवर मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत लिहिलं. मग मला चिठ्ठीवर धरून, बोट फिरवत वाचलं.

"मैदा, साखर, तेल, केळं आणि अंडं. हे अंडं फक्त आज, डॉक्टरांसमोर, आईच्या मांडीवर बसून थोडं थोडं खायचं आहे. त्रास झाला तर औषध तयार आहे. आजोबा इथेच आहेत."

अनूने माझ्यातून चिठ्ठी नीट बघितली. "हे टिंब कसलं?"

"अंड्यावरचा अनुस्वार. आणि हा बघ दुसरा. तू या शब्दात आधीच दोनदा आहेस."

"चूक नाही ना?"

"एकही नाही," आजोबा म्हणाले. त्यांचा आवाज मात्र चुकला.

अनूने आ केला.

मग वीस मिनिटांनी आणखी थोडा, मग आणखी. आजोबा दर दोन मिनिटांनी तिचे ओठ आणि गाल माझ्यातून तपासत होते. मध्येच ते ओरडले, "डॉक्टर! लाल चट्टा! हनुवटीवर!" सगळे धावले. परिचारिकेने बोट ओलं करून चोळलं. ती पेनाची शाई होती.

शेवटच्या घासानंतर दोन तास गेले. काही झालं नाही. डॉक्टर म्हणाल्या, "उत्तम! आता आठवड्यातून तीनदा घरी केक द्यायचा, खंड पडू द्यायचा नाही. बाकी तिन्ही गोष्टी बंद म्हणजे बंद."

बाबांनी गुडघ्यावर बसून विचारलं, "कसा झाला गं केक?"

"नाही आवडला," अनू म्हणाली.

बाबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. आई हसायला लागली. हसता हसता ती पलंगाच्या कडेवर बसली आणि पदराने डोळे पुसत राहिली. "चार वर्षं खाऊ नको, खाऊ नको करत आले," ती म्हणाली. "आता खा गं बाई, खा गं बाई म्हणत मागे धावायचं. सगळ्या आयांसारखं."

आता आठवड्यातून तीनदा आमच्या घरात तो गोंधळ असतो. अनू पलंगाखाली, बाबा केक घेऊन पलंगाखाली आणि आजोबा मला घेऊन पुढच्या सामानाची यादी वाचत.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. दुसऱ्याच्या मुलाला काही द्यायचं असेल तर आधी त्याच्या आईबाबांना विचारा, मग ते कितीही एवढंसं असो. बारीक अक्षरं कंटाळून सोडू नका. तुमच्या घरात, एखाद्या खणात माझा भाऊबंद पडला असेल, तर त्याला बाहेर काढा आणि मऊ कपड्याने पुसा. केकचे हात मात्र आधी धुवा. सध्या मला जे काही दिसतं, ते सगळं तेलकटच दिसतं.