कूड बांधायला दोघी लागतात

तुरीचं खळं आटोपलं, की दोन भावांच्या अंगणांमधला तुराट्यांचा कूड दरवर्षी नव्याने बांधायचा. पुंडलिकराव आणि धाकटे देवराव तुराट्या उभ्या करून, दोन्ही बाजूंनी बांबूच्या कांबी लावून मोकळे होत. बांधायचं काम जावांचं. एकटीला ते जमतच नाही. अलीकडून सुतळी ओवलेली काडी खुपसायची, पलीकडचीने ती ओढून कांबीला वळसा द्यायचा, परत पाठवायची, मग अलीकडे गाठ. विहिरीजवळ मात्र माणूस जाईल एवढी वाट मोकळी ठेवायची. तिथून विरजण जायचं, ताक यायचं.

यंदा धाकटी जाऊ वर्षा ती वाट बुजवणार होती. देवरावांनी भावाला सांगितलं, आणि पुंडलिकरावांनी बेबीताईंना.

कारण बेबीताईंना ठाऊक होतं. चातुर्मासात घेतलेलं मौन त्यांनी पुढेही सोडलं नव्हतं. उठल्यापासून देवाला नैवेद्य दाखवेपर्यंत तोंडातून शब्द नाही. माघातल्या एका सकाळी त्या जपाला बसल्या होत्या आणि वर्षा त्याच वाटेने धावत आली. "बाई," म्हणाली आणि तिला रडूच फुटलं. बेबीताईंनी डोळे उघडले, हाताने 'थांब' म्हटलं आणि माळ पुढे ओढली. नैवेद्य करून लगबगीने गेल्या, तर वर्षा भांडी घासत होती. काही नाही, झालं ते, एवढंच म्हणाली. तिच्या सुरभीची ठरलेली सोयरीक मुलाकडच्यांनी फोनवर मोडली, हे त्यांना नंतर नवऱ्याकडून कळलं. तेव्हापासून दुपारी कधीही जा, वर्षाला काम असायचं.

आज ऊन तापायच्या आत कूड उरकायचा होता. इकडे मौन, तिकडे अबोला. तुराट्यांच्या फटीतून जावेच्या बांगड्या तेवढ्या वाजत होत्या.

बेबीताई गाठी मारत होत्या. सकाळपासून हेच तर चाललं होतं. केसांचा बुचडा बांधला, वासरू खुंट्याला बांधलं, नवऱ्याची भाकर फडक्यात बांधली. पण त्या सगळ्या सुरगाठी. बांधतानाच हाताला माहीत असतं, की हे सोडायचं आहे. निरगाठ फक्त कुडाला. मग मौनाला आपण कोणती मारली? त्या दिवशी समोर लेकराची आई रडत होती, आणि आपण मणी मोजले. देवाने मागितलं होतं का ते? की आपलं व्रत मोडू नये, एवढीच आपली हौस होती?

बांधत बांधत दोघी विहिरीशी पोचल्या. वाट बुजवायला तुराट्यांचा जास्तीचा भारा कडेला आधीच उभा करून ठेवलेला होता. शेवटच्या कांबीची काडी पलीकडून आली. बेबीताईंनी सुतळी धरली, पण गाठ मारली नाही. पलीकडून ओढ बसली. पुन्हा बसली.

"गाठ मारा ना, बाई."

कितीतरी दिवसांनी आलेला शब्द.

"वर्षा," बेबीताई म्हणाल्या.

पलीकडे बांगड्या थांबल्या. "नैवेद्य व्हायचा हाये तुमचा."

"व्हायचा हाये."

"मंग?"

"त्या दिवशी तू मले सांगाले आलती. मी हात दाखवला. आता सांग."

"आता कायले? साऱ्या गावाले माहीत झालं."

"गावाले झालं. मले तू नाई सांगितलं अजून."

वर्षाने ओढणं थांबवलं. सुतळी मात्र तिने सोडली नव्हती.

"तुमचा देव कोपन, बाई," ती टोचून म्हणाली, पण आवाज ओला झाला होता.

"त्याची समजूत मी काढीन. तू सांग."

"पोरगी जेवून नाई राह्यली. समोर ताट ठेवलं का उठून जाते. माझ्याशी बोलत नाई, बापाशी बोलत नाई. म्हटलं, मोठ्या आईचं ऐकन ते, म्हणून पयले तुमच्याकडंच धावलती मी."

नैवेद्यासाठी चुलीवर ठेवलेला भात बेबीताईंना आठवला. "आज तिचं ताट मी वाढतो," त्या म्हणाल्या. "नैवेद्याआधी."

तेवढ्यात देवराव आले आणि भारा उचलून वाटेत उभा करू लागले. कसा लावू, आडवा का उभा, त्यांनी बायकोला विचारलं.

"राहू द्या तो कडेलाच," वर्षा म्हणाली. "बाईले इकडं यायचं हाये."