टँकरच्या तोंडाशी कोण

तक्ता तिने स्वतःच्या हाताने आखला होता, आणि आखताना तिला त्याचं फार कौतुक वाटलं होतं. कंपनीचे डेपो सात राज्यांत पसरलेले, आणि दर राज्याचा कायदा निराळा. एकीकडे हजेरी भिंतीवर लावायची, दुसरीकडे तीच कपाटात कुलपात ठेवायची. लोक बारा गावचं पाणी प्यालेले असतात. हिला सात राज्यांचं प्यावं लागलं होतं. ऑफिसात तिला सगळे कायदेबाई म्हणत, थोडं थट्टेनं, थोडं धाकानं.

तक्त्यामागचा तिचा हेतू साधा होता. जिथला नियम सगळ्यात कडक, तोच सातही ठिकाणी पाळायचा. माणसाचा जीव काही राज्याची हद्द ओलांडली म्हणून स्वस्त होत नाही, असं ती म्हणायची.

सतरावा रकाना होता टँकरमध्ये उतरण्याचा. कंपनीचे टँकर खाद्यतेल वाहायचे आणि मधूनमधून ते आतून धुवावे लागत. तळाला राहिलेला गाळ सडतो आणि आतली हवा खाऊन टाकतो. वरून डोकावलं तर टँकर रिकामा, निर्धोक. आत श्वास घ्यायला काही नाही. म्हणून सहा राज्यांत नियम होता: उतरण्याआधी हवा तपासायची, आणि आत माणूस असेपर्यंत टँकरच्या तोंडाशी दुसऱ्या माणसाने दोर धरून उभं राहायचं. सातव्या, किनाऱ्याच्या राज्यात, कामाच्या परवान्यावर कंपनीच्या कायदा अधिकाऱ्याची, म्हणजे तिची, सही एवढंच लागे. तिथे लिहिण्यासारखं काही नव्हतं, म्हणून ती चौकट तिने कोरीच सोडली होती.

त्या सकाळी साहेबांनी बोलावलं तेव्हा तक्ता त्यांच्या टेबलावर पसरलेला होता. कोऱ्या चौकटीभोवती लाल पेनाने गोल केला होता. तिने तो गोल पाहिला.

"बाई, तुमचा हा तक्ता म्हणजे सोनं आहे," साहेब म्हणाले. "हवा तपासणारा मिळायला तीन तीन आठवडे लागतात. टँकरला चाकं आहेत. सगळे किनाऱ्यावर नेऊन धुवायचे, संपलं."

"साहेब, तिथे नियम नाही, पण टँकरमधली हवा तर तीच आहे ना?"

"तुम्ही कायदा बघा. हवा आम्ही बघतो."

"मग त्या परवान्यांवर मी सही करणार नाही."

ती हळूच बोलली होती. मोठ्याने बोलायची तिला सवय नव्हती. साहेब चिडतील असं वाटलं होतं. ते नुसते "बरं" म्हणाले आणि दुसरी फाइल उघडली.

तो "बरं" तिच्या मागे मागे जिना उतरला. चिडलेला माणूस परवडतो. ज्याचं काम आधीच झालंय, तोच असा गार राहतो. ती टपालाच्या खोलीत शिरली. तिथले काका तीस वर्षं पाकिटं चिकटवत होते आणि ऑफिसातली प्रत्येक गोष्ट त्यांच्या जिभेच्या टोकावर असे.

"काका, किनाऱ्याचे परवाने गेले का?"

"परवाच की. साहेबांनी मागितले, मी दिले. तुमच्या सहीचे दहा होते खणात."

तिने खण उघडून पाहिला; किनाऱ्याचा गठ्ठा नव्हता. गेल्या वर्षी किनाऱ्याचं टपाल चार दिवस उशिरा पोचलं होतं आणि नोटीस आली होती. तेव्हापासून ती दर तीन महिन्यांनी प्रत्येक डेपोचे दहा कोरे परवाने सही करून काकांच्या खणात ठेवायची. सगळ्यांनाच सोयीचं पडे. कोऱ्या कागदावर सही म्हणजे आपला हात तोडून दुसऱ्याला देणं, असं तिची आई म्हणायची. ते तिला तेव्हाही आठवलं होतं, आणि तिने सह्या केल्या होत्या.

"असा चेहरा काय झाला, बाई? टँकर धुणाऱ्यांची टोळी कालच पोचली तिकडे. तुमचे दीरही आहेत ना त्यात?"

होते. नोकरीला लावायला तिनेच शब्द टाकला होता. परवा संध्याकाळी निरोप घ्यायला आला, तेव्हा चपला घालता घालता हसत म्हणाला होता, "वहिनी, आठवडाभर समुद्र बघून येतो. बाकीचे उतरायला घाबरतात, मी नाही. परवान्याखाली तुमची सही असते ना."

काकांच्याच टेबलावरून तिने किनाऱ्याच्या डेपोला फोन लावला. भिंतीवरच्या घड्याळात साडेअकरा झाले होते. सातव्यांदा घंटी वाजल्यावर मुकादमाने उचलला.

"नमस्कार कायदेबाई. काळजी नसावी. तुमची सही पोचली, काम सुरू झालंय."

"आत कोण आहे?"

"दोघं. तुमचे दीर आणि तो उंच पोरगा."

"आणि टँकरच्या तोंडाशी कोण आहे?"

"तोंडाशी?" मुकादम खरोखरच गोंधळला. "कोणी नाही. आमच्या परवान्यात तसा रकाना नाही, बाई."

"किती वेळ झाला उतरून?"

"असेल वीस मिनिटं."

"नीट ऐका. आत्ता जा, वरून हाक मारा. ओ दिली नाही तर दोर सोडा, पण आत कोणी उतरायचं नाही. तुम्हीसुद्धा नाही. आधी दुसऱ्या फोनवरून आग विझवणाऱ्यांना बोलवा. फोन ठेवू नका."

पावलं लांब गेली. मग लोखंडावर ठोका पडला, घुमणारा, पोकळ. पुन्हा पडला. कोणीतरी ओरडलं. काकांनी हातातलं पाकीट खाली ठेवलं आणि ते ठेवताना आवाज होणार नाही याची काळजी घेतली.

मुकादम धापा टाकत परत आला. "तो उंच पोरगा वर आलाय, बाई. शिडीला धरून आला. ओकतोय."

"आणि दुसरा?"

"ओ देत नाहीत, बाई."

"माझं नाव सांगा," ती म्हणाली. तिचा आवाज अजूनही हळूच होता. "म्हणावं, वहिनीने वर बोलावलंय. तो माझा शब्द मोडत नाही."

पावलं पुन्हा लांब गेली. तिने रिसीव्हर कानाशी घट्ट दाबला. मुकादमाने तिचा निरोप ओरडून सांगितला, तो टँकरच्या पोटात शिरून जाडाभरडा होऊन परत आला. मग ठोका पडला. मग दुसरा. प्रत्येक ठोक्यानंतर मुकादम थांबत होता, आणि इकडे तीही थांबत होती, आतून कोणी उलट ठोकतंय का ते ऐकत.