मेल्या मेंढीचा कान

आणे गावाच्या पठारावर पहिला काळा कोट आला तो गेणूच्या भरतचा. कोट पुण्यात शिवला, पण शिलाई भरली मेंढरांनी. गेणूची दहा-अकरा मेंढरं म्हस्कू धनगराच्या कळपात अर्धलीनं असायची. राखायची म्हस्कूनं, कोकरं दोघांत निम्मी. दिवाळी झाली की म्हस्कू कळप घेऊन कोकणात उतरायचा, तो वैशाखात वर यायचा. मधल्या सहा महिन्यांत आपलं मेंढरू मेलं की विकलं, हे बघायला कोण जाणार? म्हणून रिवाज होता. मेंढरू मेलं की राखणाऱ्यानं त्याचा कान कापून मिठात वाळवायचा आणि परत आल्यावर मालकाच्या हातावर ठेवायचा. गेणूच्या मेंढरांच्या कानाला खुणेच्या दोन चिरा असत. कान दिला की विषय मिटला. कागद नाही, पावती नाही. भरत लहानपणी ते कान अंगणात मांडून खेळायचा.

पुढे म्हस्कूची आंबेगाव तालुक्यातली दोन एकर कालव्यात गेली आणि सरकारनं मोबदला दिला चणे-फुटाण्यांचा. भरत तेव्हा नारायणगावात स्टँडसमोर ऑफिस थाटून बसला होता. "नाना, दावा टाकू, वाढीव मिळंल," तो म्हस्कूला म्हणाला. आणि पठ्ठ्यानं मिळवून दाखवलं, हे कबूल केलंच पाहिजे. अठ्ठ्याण्णवच्या दिवाळीच्या तोंडावर निकाल लागला, एक लाख ऐंशी हजार. पण पैसे कोर्टातून निघायला महिना-दोन महिने लागणार होते, आणि मेंढरं काही कोर्टासाठी थांबत नाहीत.

"तूच उचल, अन् तुज्यापाशी राहू दे," म्हस्कू म्हणाला. "आण्याच्या शिवंला दोन एकर बघून ठेवलीत. वैशाखात आलो की खरेदी करू. आमच्या म्हातारीचं, तुकाबाईचं गुडघं गेलं आता. कोकणाची वाट न्हाई व्हायची तिला."

कोर्टात लागतील म्हणून भरतनं दोन कोऱ्या कागदांवर त्याचे अंगठे घेतले. म्हस्कूनं पावतीचं नावही काढलं नाही. "तुज्या बापाचं मी राखतो, माजं तू राख," एवढं बोलून तो गेला.

डिसेंबरात पैसे निघाले. भरतला ते राखायचेच होते हो. चोर म्हणून कुणी आईच्या पोटातून येत नाही. पण आळेफाट्यावर हायवेलगत गाळे निघत होते. चार महिन्यांत दुप्पट, असं बिल्डर छातीवर हात मारून सांगत होता. वैशाखाला अजून पाच महिने होते. भरतनं गाळा बुक केला. बिल्डरनं जोत्यापर्यंत बांधकाम आणलं आणि पोबारा केला.

वैशाखात म्हस्कू आला तेव्हा भरत म्हणाला, सरकार अपिलात गेलंय. दुसऱ्या वैशाखात साहेबांची बदली झाली होती. तिसऱ्या वैशाखापर्यंत शिवेची दोन एकर दुसऱ्यानंच घेतली. मग म्हस्कूचा मुलगा सोमनाथ पुण्याला कोर्टात जाऊन विचारून आला. अपील नव्हतं, आणि पैसे कधीच उचललेले होते.

म्हस्कू ऑफिसात आला. बाकड्यांवर पक्षकार दाटीवाटीनं बसले होते. त्यानं आवाज चढवला नाही.

"भरत, मेलं आसंल तर मेलं म्हण. आमी मेल्या मेंढीचा कान दावतो. तू काय दावतो?"

तिथंच "नाना, चुकलो" म्हणाला असता, तर म्हातारा थांबलाही असता. पण चार लोकांदेखत वकिलाची जीभ अशी वळते होय! "नाना, तुमचे पैसे रोख दिलेत मी. पावती आहे माझ्याकडं," तो बोलून गेला. बोलला म्हणून मग पावती करणं आलं. त्यानं अंगठ्याचा कोरा कागद काढला, वर मजकूर लिहिला आणि तारीख टाकली, नऊ जानेवारी नव्याण्णव. पैसे उचलल्याला तीन आठवडे झालेले, कायद्यात चोख बसणारी तारीख.

सोमनाथनं वकिलांच्या शिस्त समितीकडं तक्रार केली आणि पुण्यात चौकशी लागली. भरतच्या वकिलाचं म्हणणं, अंगठा खरा आहे, एक साक्षीदार मिळाला की सुटलास. भरतनं बापालाच गाठलं.

"आबा, एवढंच म्हणा, माझ्यासमोर पैसे दिले. नाहीतर माझी वकिलीची सनद जाईल."

गेणू होय म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. एसटीत पुण्यापर्यंत तो खिडकीबाहेर बघत बसला. म्हातारा मनात घोकत असेल, असं समजून भरत निर्धास्त झाला.

समितीपुढं गेणूला विचारलं, पैसे तुमच्यासमोर दिले का? त्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली.

"तारीख कंची म्हनला?"

"नऊ जानेवारी."

"म्हंजी पौष." गेणूनं बोटांवर महिना मोजला. "पौषात म्हस्कू कोकणात आसतो, सायेब. आक्का जल्म गेला माजा, पौषात त्यो कदी हितं दिसला न्हाई. त्या साली तर तिकडं माजी दोन मेंढरं मेली. वैशाखात कान आणून दिलं त्यानं. माळ्यावर हायेत."

मग तो भरतकडं वळला. "आरं, मेंढरांच्या जिवावर वकील झाला तू. तारीख टाकताना येवढंबी ध्यानात आलं न्हाई?"

भरतला बापाचा संताप आला आणि लाजेनं मान वर होईना. ध्यानात आलंच नव्हतं, हे मात्र खरं होतं.

सनद गेली, पोलीस केस झाली, ऑफिसवरची पाटी उतरली. जामिनावर सुटून भरत आण्याला येऊन राहिला. पैसे कुठून परत येणार? गेणूनं म्हस्कूला निरोप धाडला, कळपातली माझी सगळी मेंढरं आजपासून तुझी.

पुढच्या वैशाखात भरत ओट्यावर बसला होता. वाटेनं कळप आला. मागून तुकाबाई काठी टेकत येत होती. दहा पावलं चालायची की दगड बघून बसायची. म्हस्कू अंगणात शिरला.

"आबा रानात गेलेत," भरत खाली बघत म्हणाला.

म्हस्कूनं कनवटीची पुडी सोडली. आत मिठात वाळलेला एक कान होता, दोन चिरांचा.

"बापाला दे. एक मेली."

"पण नाना, आबांनी ती तुम्हालाच देऊन टाकली ना?"

"त्यानं दिली आसतील. मी कुटं घेतली?" म्हस्कू म्हणाला. "माज्याकडं राखाया हायेत."

तिकडं तुकाबाईला दगडावरून उठता येईना. म्हस्कू तिला हात द्यायला लगबगीनं गेला.

भरत बाप येईपर्यंत ओट्यावरून हलला नाही. तो कान त्यानं उघड्या तळहातावर धरून ठेवला होता. खिशात ठेवायचा त्याला धीर झाला नाही.