लॉरेलची पाणंद

गुड फ्रायडेला समुद्रात पाय घालायचा नाही, हे ऑर्लीनला कुणी मुद्दाम शिकवलं नव्हतं. आईच्या दुधाबरोबर ज्या गोष्टी पोटात जातात त्यांतली ती एक. त्या दिवशी जो पोहेल त्याचा मासा होतो. त्या दिवशी खिळा ठोकायचा नाही, कारण ठोकलेला प्रत्येक खिळा येशूच्या तळव्यात जातो. बेटावरचे लोक वर्षभर देवाला फारसं विचारत नाहीत, पण हा एक दिवस मात्र शहाण्यासारखे घरात बसून फिशकेक खातात.

म्हणून चर्चहून आल्यावर ठाकठाक ऐकू आली तेव्हा ऑर्लीनने आधी छातीवर क्रूस काढला आणि मग शिव्या दिल्या.

"कोण हा मेला आज हातोडा घेऊन बसलाय?" शेजारची हिल्डा कुंपणावरून ओरडली.

"पाणंदीकडून येतोय आवाज. बाहेरचा कुणीतरी असणार. आपल्यातल्या कुणाची छाती नाही व्हायची."

"हात झडतील त्याचे!"

"झडू देत. आपण कशाला तोंड विटाळा?"

तिचा नवरा डार्नली पडवीत खुर्चीवर बसला होता. तो म्हणाला, "अगं, जाऊन बघ तरी काय चाललंय ते."

"आज? समुद्राकडे? बायकोचा मासा झालेला चालेल तुला?"

"मासा निदान बोलत तरी नाही."

हिल्डा खो खो हसली. ऑर्लीन लटक्या रागाने आत गेली आणि तळणीला लागली. आवाज संध्याकाळपर्यंत चालला. सगळ्या गावाने तो ऐकला, सगळ्या गावाने त्या हातोडेवाल्याला नरकात पाठवलं, आणि बघायला एकही माणूस गेला नाही. ज्याने हा दिवस निवडला त्याला कुणीतरी आमच्यातल्यानेच सल्ला दिला असणार. असे घरभेदी कुठे नसतात?

डार्नलीने जन्मभर मिनीबस चालवली होती. वळणावर हॉर्न, उतारावर गाणं आणि पोरींना फुकट सीट, अशी त्याची ख्याती. मग एका सकाळी डावं अंग गेलं. तोंड वाकडं झालं, पाय लाकडाचा झाला, आणि हा बडबड्या माणूस भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागला. औषधं झाली, मालीश झालं. शेवटी ऑर्लीन त्याला लॉरेलच्या पुळणीवर घेऊन गेली. आमच्याकडे म्हाताऱ्यांचं अर्धं दुखणं पहाटेच्या समुद्रस्नानावर निघतं.

लॉरेलचं पाणी म्हणजे परातीत ओतून ठेवलेलं. लाट आली तरी विचारून येते. वर मचाणावर जीवरक्षक बसलेला असतो, त्याला बिचाऱ्याला जांभया देण्यापलीकडे काम नाही. रस्त्याच्या कडेला रानबदामांखाली गाडी लावायची, दोन कुंपणांमधल्या पाणंदीतून खाली उतरायचं, की पाय वाळूत. दिराची जुनी गाडी घेऊन ऑर्लीन रोज त्याला न्यायची. डाव्या बाजूला उभी राहून त्याचा लुळा हात धरायची आणि दोघं छातीभर पाण्यात जायची. पाण्यात त्याचा पाय हलका व्हायचा. तिथे तो चालायचा, खरंच चालायचा! हळूहळू तो जमिनीवरही काठी घेऊन चालू लागला. जीभ तर त्याच्याही आधी सुटली. गेलेला नवरा आपण समुद्राकडून परत आणला, असं ऑर्लीनला मनापासून वाटायचं. नाताळपर्यंत काठी टाकायची असं त्या दोघांचं ठरलं होतं.

शनिवारी सकाळी ती गाडी घेऊन गेली, तर बदामांखाली ओळीने धोंडे मांडलेले. एकेक धोंडा म्हशीएवढा. सायकल लावायलाही जागा नव्हती. पाणंदीच्या तोंडाला माणसापेक्षा उंच लाकडी दार, त्याला कुलूप, आणि दाराशी गणवेशातला पहारेकरी. पहारेकरी कोण, तर हिल्डाचा भाचा किमरन, दोन लेकरांचा बाप.

"किमरन, हे काय रे?"

"गुड मॉर्निंग, टँटी." गावातल्या प्रत्येक मावशीला म्हणायचं तसं 'टँटी' म्हणत त्याने टोपी काढली. "नव्या हॉटेलचं आहे. जमीन त्यांची निघाली म्हणे."

"आणि पुळण?"

"पुळण सगळ्यांचीच, टँटी. कायदाच आहे तसा. पुळणीवर तुम्हाला कुणी अडवणार नाही."

"अरे गाढवा, पुळणीवर जाऊ कशी? उडून?"

"ओहोटीला टोकाच्या खडकांवरून वळसा घालता येतो." हे म्हणताना त्याची नजर गाडीत बसलेल्या डार्नलीकडे गेली आणि त्याने मान खाली घातली.

डार्नली गाडीतूनच म्हणाला, "तुझ्या आईला बाळंतपणाला मीच नेलं होतं रे. रात्री, फुकट. तू माझ्याच बसमध्ये जन्मायचा बाकी होतास."

"ठाऊक आहे, अंकल डार्नली. पण आठ महिन्यांनी मिळालीय ही नोकरी."

शिव्या द्याव्यात तर समोर आपलंच पोर. ऑर्लीनने गाडी वळवली. तिथून ती थेट आमदाराच्या घरी गेली. आमदार पायजम्यातच बाहेर आले, फार वाईट वाटलं म्हणाले, सुट्टी संपली की बघू म्हणाले.

घरी आल्यावर डार्नली पडवीत बसला नाही. आत गेला आणि भिंतीकडे तोंड करून पडला. रविवारी ईस्टरच्या प्रार्थनेलाही उठला नाही. ऑर्लीनने शिरा ताणताणून आमदाराचा उद्धार केला, हॉटेलचा केला, शेवटी त्याचाही केला. त्याची पाठ तशीच राहिली. ही पाठ तिने वर्षभर बघितली होती, आणि पुन्हा बघायची तिच्यात ताकद नव्हती.

ईस्टर मंडेला अख्खं गाव समुद्रावर जातं. लॉरेल बंद, म्हणून सगळे टोकापलीकडच्या बकनरला निघाले. बकनरला गाडी थेट वाळूत नेता येते, कुणी विचारत नाही, कारण तो किनारा कुणालाच नको असतो. तिथे मचाण नाही, जीवरक्षक नाही. लाल निशाणाची काठी आहे, निशाण कधीच फाटून गेलंय. पोरंबाळं असलेल्या घरांनी ठरवलं, पाण्यात जायचंच नाही, पतंग उडवायचे आणि हंडी शिजवायची. वाळूत चुली पेटल्या. नीरफणस, अळूची पानं, खारवलेलं मांस, वरून नारळाचं दूध. बायका हंडीत थर लावत होत्या आणि पुरुष रमच्या बाटल्या उघडून कसं शिजवावं ते सांगत होते.

डार्नली काठी टेकत पाण्याच्या कडेशी जाऊन उभा राहिला.

"ऑर्लीन, मला आत ने."

"इथे? वेड लागलंय का तुला? समुद्राला मागचं दार नसतं, आत ओढलं की सुटका नाही, हे तूच सांगायचास ना सगळ्यांना?"

"गुडघ्यापर्यंत. पाय विसरतोय गं. तीन दिवसांत जड झालाय."

"उद्या बघू."

"उद्या काय बदलणार आहे?"

हे तो रागाने म्हणाला असता तर तिने त्याला हंडीपाशी आणून बसवलं असतं. तो साधं विचारावं तसं विचारत होता. पाणी समोर निळं, स्वच्छ पसरलं होतं. दोन बाजूंना लाटा फुटत होत्या आणि मधला पट्टा शांत होता, लॉरेलसारखाच. जन्मभर लॉरेलच्या पाण्यात वाढलेल्या माणसांना एवढंच कळतं, की जिथे लाट नाही तिथे भीती नाही. बकनरला नेमकं तिथूनच पाणी परत खोल समुद्रात ओढलं जातं. ऑर्लीनने काठी वाळूत रोवली, सवयीने त्याच्या डाव्या बाजूला गेली आणि त्याचा हात धरला.

गुडघ्यापर्यंतच गेली ती दोघं. डार्नली हसला. "बघ, चालतोय," तो म्हणाला, आणि त्याच वेळी पायाखालची वाळू सरकली. पाणी मांड्यांना लागलं, मग कमरेला. ती मागे ओढायला लागली आणि समुद्र पुढे. तिने त्याचा हात घट्ट धरला होता, दोन्ही हातांनी, नखं रुतवून. पण तो हात लुळा होता. त्या हाताला उलटून धरता येत नव्हतं. डार्नलीने उजवा हात वळवून तिच्याकडे टाकला, तो पोचला नाही. "उजव्या बाजूला उभी राहायला हवी होतीस," असं कुणीही तिला कधी म्हणणार नव्हतं. तिला मात्र त्याच क्षणी कळलं. बोटं तिच्या मुठीतून ओल्या साबणासारखी निसटली आणि डार्नली त्या शांत पट्ट्यातून, तोंड तिच्याकडे करून, लांब लांब जात राहिला.

पुरुष धावले. दोघे दोर बांधून आत गेले आणि अर्धमेले होऊन परतले. ऑर्लीनला चौघांनी वाळूत दाबून धरलं होतं. मागे हंडी करपली.

समुद्राने त्याला टोकाला वळसा घालून नेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो लॉरेलच्या पुळणीवर सापडला, हॉटेलच्या खुर्च्यांच्या पुढ्यात. पोलिसांनी ऑर्लीनला ओळख पटवायला आणलं. किमरनचे डोळे सुजले होते. त्याने आधी फोनवर कुणाला तरी विचारलं, मग कुलूप काढलं.

ती पाणंदीतून खाली गेली. डार्नलीला चादरीत गुंडाळलं होतं. तिने चादर सारली, त्याच्या केसांतली वाळू झटकली, आणि "हाच," म्हणाली. रडू आलं नाही. लॉरेलचं पाणी त्याच्या पायाशी येऊन मागे जात होतं, तेवढंच ती बघत राहिली.

चौघांनी त्याला उचलून पाणंदीतून वर नेलं, गाडीत ठेवलं. ऑर्लीन मागून आली, दारापर्यंत आली, आणि उंबऱ्यावर बसली. दोन्ही हातांनी तिने चौकट धरली.

"टँटी, ऊठ ना," किमरन म्हणाला. "पाहुणे नाश्त्याला येतील आता."

"येऊ देत. मी इथेच बसणार. मी बसलेय तोवर दार लागायचं नाही. लोकांना सांग, दार उघडं आहे म्हणावं. म्हाताऱ्यांना घेऊन या म्हणावं."

"टँटी, माझी नोकरी जाईल गं."

ती त्याच्याकडे बघेना. किमरन तिच्यासमोर उकिडवा बसला आणि रडायला लागला. शेवटी दोन महिला पोलीस आल्या. त्या इथल्याच, एक तर ऑर्लीनच्याच गल्लीतली. "चल टँटी, चल गं," असं म्हणत त्यांनी तिची बोटं एकेक करून चौकटीवरून सोडवली आणि तिला काखेत धरून उचललं. मुळात अंगाने ती किरकोळच. गाडीपर्यंत नेताना त्यांना काही जड गेलं नाही, आणि मागे किमरनने दार लावून घेतलं.